एकपण कोणाचे?

अवयवांहून निराळा असा अवयवी खरोखर असतो का, या प्रश्नावर नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतके भांडले. घट म्हणजे परमाणूंचा पुंज, त्याला आपण व्यवहारासाठी एक नाव देतो इतकेच, असे बौद्धांचे म्हणणे. त्याला न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दिलेली उत्तरे आजही विचारात पाडतात. परमाणू तर दिसत नाहीत. मग अवयवी मानला नाही तर दिसते ते काय, हे एक उत्तर. दुसरे मला अधिक मार्मिक वाटते: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू येते, नुसत्या ढिगाचे तसे होत नाही. सैन्य किंवा वन लांबून एक दिसते तसाच हा भास आहे, असे प्रतिपक्षी म्हणतो. सैनिक आणि झाडे जवळ गेल्यावर सुटी दिसतात, परमाणू कधीच दिसत नाहीत, म्हणून हा दृष्टांत लागू पडत नाही, असे नैयायिक सांगतो. या सगळ्या खंडनमंडनात दोन्ही बाजूंना मान्य असलेली एक गोष्ट सहसा तपासली जात नाही. अवयव आधीच ठरलेले आहेत, त्यांतला प्रत्येक आपापल्या परीने एक आहे, आणि वाद आहे तो त्यांच्यावर आणखी काही उभे राहते की नाही एवढ्यापुरता, हे ते गृहीत. वसुबंधूने ‘विंशतिके’त परमाणूवरच घाव घातला खरा, पण त्यातून त्याने बाह्य वस्तूच नाकारली, अवयवांचे एकपण कुठून येते हा प्रश्न तिथेही मागेच राहिला. धातूंतून बाहेर पडणारे मृदू क्ष-किरण नेमक्या याच प्रश्नावर बोलतात, आणि त्यांची साक्ष दोन्ही पक्षांच्या समान गृहीताविरुद्ध जाते, असे मला दाखवायचे आहे.

हे किरण कसे निर्माण होतात ते आधी पाहू. धातूवर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला की एखाद्या अणूच्या आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन निघून जातो आणि तिथे रिकामी जागा राहते. धातूभर पसरलेल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांपैकी एक त्या जागेत उतरतो आणि दोन पातळ्यांमधली ऊर्जा किरणाच्या रूपाने बाहेर पडते. सोडियममध्ये या किरणांची ऊर्जा जास्तीत जास्त सुमारे ३०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, मॅग्नेशियममध्ये ४९.५च्या आणि ॲल्युमिनियममध्ये ७३च्या आसपास. दवाखान्यातल्या क्ष-किरणांच्या मानाने ती सुमारे हजारपटीने कमी. हवेत हे किरण लगेच शोषले जातात, त्यामुळे सगळा प्रयोग निर्वातात करावा लागतो. त्यांची तरंगलांबी इतकी मोठी असते की नेहमीचे स्फटिक त्यांचे पृथक्करण करू शकत नाहीत. बारीक रेघा आखलेल्या विवर्तन जालकावर ते जवळजवळ घासून जातील अशा कोनात सोडावे लागतात. ब्रिस्टलमध्ये हर्बर्ट स्किनर यांनी १९३०च्या दशकात हे चिकाटीचे काम केले आणि १९४० मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये त्याचा विस्तृत वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याआधी १९३४ मध्ये हॅरी जोन्स, नेव्हिल मॉट आणि स्किनर या तिघांनी या वर्णपटांचा आकार कसा असावा याचा सिद्धांत मांडला होता.

त्या सिद्धांतामागची कल्पना अतिशय देखणी आहे. धातूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन एका रुंद ऊर्जापट्ट्यात तळापासून वरपर्यंत भरलेले असतात. पाउली यांच्या विवर्जन तत्त्वाप्रमाणे एका अवस्थेत एकच इलेक्ट्रॉन मावतो, म्हणून ते एकावर एक रचले जातात. सगळ्यांत वरच्या भरलेल्या पातळीला फर्मी पातळी म्हणतात. सोडियममध्ये हा पट्टा सुमारे ३.२ आणि ॲल्युमिनियममध्ये सुमारे ११.७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद असावा, असे इलेक्ट्रॉन पूर्ण मोकळे धरून केलेले गणित सांगते. आतली पातळी मात्र अरुंद. तेव्हा बाहेर पडणाऱ्या किरणांच्या ऊर्जेत जो फरक दिसेल तो उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या मूळ ऊर्जेतला फरक असणार. वर्णपट म्हणजे इलेक्ट्रॉनांची शिरगणतीच: कोणत्या ऊर्जेला किती जण उभे आहेत हे एकेकाला विचारून घ्यावे तशी. गणतीचा आलेख कसा येईल हेही ठरलेले होते. सोडियमसारख्या धातूच्या एल, म्हणजे आतून दुसऱ्या, कवचाच्या वर्णपटात तळाशी ऊर्जेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढ, आणि फर्मी पातळीशी उभा कडा. ही अपेक्षा बऱ्याच अंशी खरी ठरली. पट्ट्यांच्या रुंदी अंदाजाच्या जवळ आल्या, वरचा कडा स्पष्ट दिसला, आणि धातूत इलेक्ट्रॉनांचे असे पट्टे असतात यावर प्रत्यक्षाची मोहोर उमटली. या यशाचे मोल मी कमी करत नाही. पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्या आधारावरच उभा आहे. परंतु आलेख तीन ठिकाणी गणतीच्या नियमाबाहेर गेला: तळाशी, तळाच्याही खाली आणि कड्यावर.

तळाशी पट्टा जिथे संपायला हवा तिथे संपत नाही. वर्गमुळाच्या रेषेऐवजी कमी ऊर्जेच्या बाजूला एक लांब, हळूहळू विरत जाणारी शेपटी निघते. जणू पट्ट्याच्या तळाखालीही इलेक्ट्रॉन आहेत. पण तिथे एकही अवस्था नसते. पीटर लँड्सबर्ग यांनी १९४९ मध्ये सोडियमच्या बाबतीत याचे कारण सांगितले. पट्ट्याच्या तळातला इलेक्ट्रॉन आतल्या कवचात उतरला की पट्ट्याच्या तळाशी त्याची जागा रिकामी होते. ती फार काळ रिकामी राहत नाही. वरचा दुसरा इलेक्ट्रॉन तिथे येतो आणि सुटलेली ऊर्जा तिसऱ्याला देऊन त्याला फर्मी पातळीच्या वर ढकलतो. तळातल्या रिकाम्या जागेचे आयुष्य त्यामुळे अत्यल्प होते, आणि जे अल्पायुषी आहे त्याची ऊर्जा नेमकी असू शकत नाही, ती पसरते. शेपटी हे त्या पसरण्याचे चित्र आहे. फर्मी पातळीजवळ हे होत नाही, आणि का होत नाही हे महत्त्वाचे आहे. रिकामी जागा फर्मी पातळीच्या जितकी जवळ, तितके तिला भरू शकणारे इलेक्ट्रॉन थोडे. आणि सुटलेली ऊर्जा ज्याला द्यायची तो तिसराही त्याच प्रमाणात दुर्मीळ, कारण आजूबाजूच्या बहुतेक अवस्था भरलेल्या. दोन्ही अटी मिळून क्षयाची शक्यता त्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे एकाच पट्ट्यात वरच्या टोकाला असलेली अवस्था जवळजवळ कायमची टिकते आणि तळातली अवस्था धडपणे कोणती आहे हे ठरण्याआधीच इतरांत मिसळून जाते.

तळाच्याही खाली जे सापडले ते आणखी बोलके आहे. ॲल्युमिनियमच्या मुख्य पट्ट्याच्या सुमारे १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खाली त्याचीच एक अत्यंत क्षीण प्रतिकृती दिसते. तिचा अर्थ जी. ए. रूक यांनी १९६३ मध्ये लावला. हा १५चा आकडा योगायोग नाही. ॲल्युमिनियमच्या पातळ पापुद्र्यातून वेगवान इलेक्ट्रॉन पाठवले तर ते १५च्या पटीत ऊर्जा गमावून बाहेर येतात, हे १९४०च्या दशकातच दिसले होते. डेव्हिड बोम आणि डेव्हिड पाइन्स यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी त्याची मीमांसा केली: धातूतले सगळे मोकळे इलेक्ट्रॉन एका तालात हेलकावे घेऊ शकतात, आणि अशा एका हेलकाव्याची, म्हणजे एका प्लाझमॉनची, किंमत ॲल्युमिनियममध्ये १५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. आता वर्णपटातली ती क्षीण प्रतिकृती काय सांगते? एक इलेक्ट्रॉन आत उतरला, एक किरण बाहेर पडला, आणि त्याच घटनेत सगळ्या समुदायाने एक हेलकावा घेतला. किरणाच्या ऊर्जेतून तेवढा वाटा वजा झाला. घटना दोन नाहीत. किरण आधी पूर्ण ऊर्जेने निघाला आणि मग वाटेत त्याचे काही हरवले, अशी गोष्ट इथे सांगता येत नाही. एक भाग ओढला की सगळे येते, हे न्यायसूत्रांतले लक्षण इथे मोजमापासह हाती लागते.

आणि मग तो कडा. फर्मी पातळी हीच ती जागा जिथे एकेकटा इलेक्ट्रॉन सर्वांत भरवशाचा असायला हवा. पण सोडियम आणि मॅग्नेशियमच्या एल वर्णपटात कड्यालगत एक अणकुचीदार उंचवटा येतो, तर लिथियमच्या के, म्हणजे सर्वांत आतल्या, कवचाच्या वर्णपटात कडा गोलावतो. १९६७ मध्ये फिलिप अँडरसन यांनी एक साधा दिसणारा प्रश्न विचारला. धातूत एका ठिकाणी एक लहानसे आकर्षण एकाएकी निर्माण झाले किंवा नाहीसे झाले तर सबंध समुदायाची आधीची आणि नंतरची अवस्था एकमेकींशी किती जुळते? प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या लहरीत होणारा बदल नगण्य असतो. परंतु समुदायाची जुळणी काढायची तर या सगळ्या जवळजवळ पूर्ण जुळण्या एकत्र हिशेबात घ्याव्या लागतात, आणि एकंदर जुळणी इलेक्ट्रॉनसंख्येच्या एका घाताने घटत जाते. घातांक ०.१ इतका लहान धरला आणि इलेक्ट्रॉनांची संख्या एकावर तेवीस शून्ये मानली तर जुळणी दोनशेत एक एवढीच उरते. संख्या अमर्याद वाढवली तर ती शून्य होते. कोणीही एकटा बदलला नाही, तरी सर्व मिळून पूर्ण बदलले. जेराल्ड माहान यांनी त्याच सुमारास उलट बाजूचा परिणाम दाखवला होता: रिकाम्या जागेच्या आकर्षणाने तिच्याभोवती जमणारे इलेक्ट्रॉन कड्यावरची तीव्रता वाढवतात. १९६९ मध्ये फिलिप नोझिएर आणि सिरानो दे डॉमिनिसिस यांनी दोन्ही परिणाम एका सूत्रात बांधले. एक कडा वर ओढतो, दुसरा खाली दाबतो. कोणाची सरशी होते यावर कडा टोकदार होणार की गोल हे ठरते. १९७०च्या दशकात यावर चांगलाच वाद झाला. लिथियमचा गोलावा बहुतांशी स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांमुळे आहे असे दिसून आले, आणि प्रकाशविद्युत मापनांशी ताळा घेतल्यावर सोडियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमच्या एल कड्यांवरचा समुदायाचा परिणाम मात्र खरा ठरला. सिद्धांताला हवा होता तो प्रत्येक पुरावा त्याच्या पदरात पडला नाही, आणि म्हणूनच जो पडला त्यावर विश्वास ठेवता येतो.

या कड्याच्या गणितात एक नियम येतो त्यापाशी थांबावेसे वाटते. आतल्या कवचातली रिकामी जागा म्हणजे एक अधिक धनभार. धातू तो उघडा राहू देत नाही. साधारण एका अणूच्या अंतरातच तेवढा ऋणभार तिच्याभोवती जमतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला काही झाल्याचे कळतही नाही. झाक फ्रीडेल यांनी १९५२ मध्ये दाखवले की वेगवेगळ्या कोनीय संवेगाच्या लहरी किती सरकतात याची बेरीज अशी आली पाहिजे की जमलेला भार बरोबर एका इलेक्ट्रॉनचा होईल. बरोबर एक, थोडा अधिक नाही, उणा नाही. पण हा एक कोणता? कोणताही इलेक्ट्रॉन तिथे जाऊन बसलेला नाही. फर्मी पातळीपर्यंतच्या असंख्य लहरी किंचित किंचित सरकल्या आणि त्या सरकण्यांची बेरीज एक झाली. इथे ‘एक’ ही संख्या आहे, तिचा परिणाम मोजता येतो, कड्याचे घातांक तिच्या बंधनात राहतात. फक्त तिचा धनी म्हणून बोट दाखवावे असे एकही द्रव्य नाही.

नैयायिकांचे सांगाती जे वैशेषिक, त्यांना हे मान्य होणे कठीण. संख्येचा त्यांनी फार बारकाईने विचार केला होता. संख्या हा त्यांच्या मते गुण. त्यातले एकत्व प्रत्येक द्रव्यात मुळातच असते आणि नित्य द्रव्यात ते नित्य असते. द्वित्वापासून पुढच्या संख्या मात्र पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीवर अवलंबून उत्पन्न होतात. शिवाय दोन परमाणू सर्व बाबतींत सारखे असले तरी ते दोन आहेत हे कशावरून, या अडचणीला उत्तर म्हणून त्यांनी प्रत्येक नित्य द्रव्यात एकेक ‘विशेष’ मानला, ज्याच्यामुळे ते दुसऱ्यापासून वेगळे राहते. ही भर त्यांनी उगाच घातली नाही. एकपण अवयवात आधीपासून असायचे तर त्याला काहीतरी आधार हवा, हे त्यांनी प्रामाणिकपणे ओळखले होते. पुंजयामिकीत इलेक्ट्रॉनला असा विशेष नाही. दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली तर समुदायाच्या वर्णनाचे फक्त चिन्ह बदलते, अवस्था तीच राहते. ‘हा’ आणि ‘तो’ अशी खूण ठेवता येत नाही याचे कारण आपले अज्ञान नसून तशी खूण नसणे हेच विवर्जन तत्त्वाचे मूळ आहे. इथून माझा मुद्दा असा निघतो: धातूत इलेक्ट्रॉनचे एकपण मुळातले नाही, ते समुदायाकडून मिळालेले आहे, आणि ते सर्वांना सारखे मिळालेले नाही. फर्मी पातळीजवळ ते जवळजवळ पूर्ण आहे, खाली जाताना क्षीण होते, तळाशी पुसट होते. ते मोजण्याचे मापही वर्णपटच देतो: अवस्थेची रुंदी तिच्या ऊर्जेच्या मानाने किती. रुंदी थोडी असेल तर तिथे एक काहीतरी आहे असे म्हणण्यात अर्थ आहे. रुंदी ऊर्जेएवढी झाली की ते म्हणणे पोकळ होते. हेच माप प्लाझमॉनलाही लागते. तो साऱ्या समुदायाचा हेलकावा, तरी एक, दोन, तीन असा मोजता येतो, कारण त्याची रुंदी त्याच्या ऊर्जेच्या मानाने थोडी असते. अवयव आणि अवयवी दोघेही एकपणाच्या एकाच कसोटीला उभे राहतात, आणि दोघेही तिला कमीअधिक प्रमाणातच उतरतात.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. या तीन गोष्टी म्हणजे किरकोळ दुरुस्त्या आहेत. पट्ट्याची रुंदी बरोबर आली, कडा जागेवर आला, ॲल्युमिनियमची ती प्रतिकृती तर मुख्य पट्ट्यापुढे नगण्य. मग शिरगणतीच खरी आणि बाकीचा गोंगाट, असे का म्हणू नये? आक्षेपात तथ्य आहे, परंतु तो स्वतःच्याच पायावर उलटतो. सोडियममधल्या इलेक्ट्रॉनांचे परस्परांतले विद्युत प्रतिसारण दुबळे नाही. त्याची ऊर्जा त्यांच्या गतिज ऊर्जेच्या तोडीची आहे. अशा स्थितीत एकेकट्या इलेक्ट्रॉनचे गणित चालायलाच नको. ते चालते याचे कारण लेव्ह लँडाऊ यांनी १९५६-५७ मध्ये दिले, आणि ते कारण वर शेपटीच्या संदर्भात आलेलेच आहे: सभोवतालच्या अवस्था भरलेल्या असल्यामुळे फर्मी पातळीजवळ धक्के लागायला जागाच उरत नाही. तिथे जो टिकतो तो निर्वातातला इलेक्ट्रॉनही नसतो. इतरांच्या प्रतिसादाचे आवरण घेऊन फिरणारी, बदललेल्या वस्तुमानाची ती एक अवस्था असते. म्हणजे शिरगणतीचे यश हा समुदायाविरुद्धचा पुरावा होत नाही. समुदायानेच जिथे जिथे एकपण राखू दिले, तिथे तिथे गणती जमली. दुरुस्ती आणि मूळ नियम यांचे कारण एकच निघाले, तर दुरुस्तीला किरकोळ म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. क्ष-किरणांचा प्रयोग म्हणजे मारा आहे. आतल्या कवचात भोक पाडायचे, साऱ्या इलेक्ट्रॉनांना हादरवायचे, आणि मग ते एकत्र हादरतात म्हणून त्यांना स्वतंत्र अस्तित्व नाही असे ठरवायचे, हे न्यायाला धरून नाही. हादरण्यापूर्वी ते सुटे असू शकतील. याला उत्तर तिन्ही पुराव्यांसाठी सारखे देता येत नाही. कड्यावरचा परिणाम आणि प्लाझमॉनचा काही वाटा आतल्या रिकाम्या जागेच्या एकाएकी भरण्यातून येतो हे मान्यच केले पाहिजे. पण तळातली शेपटी तिच्यामुळे नाही. किरण बाहेर पडल्यावर आतली जागा भरलेली असते, मागे उरते ती पट्ट्यातली रिकामी जागा, आणि क्षय होतो तो तिचा. उल्फ फॉन बार्थ आणि ग्युंटर ग्रॉसमन यांनी १९८०च्या आसपास केलेल्या गणितातून हेही पुढे आले की उत्सर्जनाच्या पट्ट्याचा एकंदर आकार अंतिम अवस्थेला अनुसरतो, म्हणजे जिथे आतली जागा भरलेली आहे त्या, बऱ्याच अंशी शांत झालेल्या धातूला. शोषणाचा आकार मात्र भोक असलेल्या धातूला अनुसरतो. उत्सर्जनाची साक्ष त्यामुळे आक्षेपकाला वाटते त्याहून कमी दूषित आहे. आणि तत्त्वाची गोष्ट वेगळीच. एखादी वस्तू सुटी आहे असा दावा करायचा तर ती सुटी केल्यावर काय होते हेच पाहावे लागते. वेगळे काढण्याचा प्रत्येक प्रयत्न इतरांच्या प्रतिसादासह येत असेल, तर प्रयत्नापूर्वीचे सुटेपण हा निरीक्षणाचा निष्कर्ष राहत नाही, श्रद्धा होते. श्रद्धा ठेवायला हरकत नाही. पण तिला पुराव्याचा दर्जा मागता येणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूने बोलणाऱ्यांकडूनच येतो, आणि त्याला थारा देणे मला सर्वांत धोक्याचे वाटते. एकेकटे काही नाही, सर्व मिळून एकच सत्य आहे, म्हणजे विज्ञानाने अद्वैत सिद्ध केले, असे म्हणण्याचा मोह आपल्याकडे फार मोठा आहे. हे म्हणणे वेदान्तावरही अन्याय करते आणि धातूवरही. वेदान्ताचे ब्रह्म अविभाज्य आहे, त्याला रुंदी नाही, घातांक नाही, आणि ते मोजमापाने सिद्ध व्हावे अशी शंकराचार्यांची अपेक्षा नव्हती. धातूतला समुदाय ठिकठिकाणी, ठरावीक प्रमाणात एक होतो: रिकाम्या जागेचे पडसाद अणूभर अंतरात झाकले जातात, हेलकाव्याला १५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच लागतात, कड्याचा टोकदारपणा धातूगणिक बदलतो. आणि ‘सर्व मिळून एक’ या कल्पनेला भौतिकीतूनच एक सणसणीत इशारा मिळाला आहे. वॉल्टर कोन यांनी १९९८च्या नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात असा दावा केला की इलेक्ट्रॉनांची संख्या हजाराच्या आसपास गेली की त्या सर्वांचे मिळून एक तरंगफलन ही वैध वैज्ञानिक कल्पनाच उरत नाही. ते पुरेशा अचूकतेने काढता येत नाही आणि नोंदवूनही ठेवता येत नाही. हा दावा मी जसाच्या तसा स्वीकारत नाही, कारण काढता न येणे आणि नसणे यांत अंतर आहे. तरी त्याचा रोख मला पटतो. अवयवांना आधीचे मानण्यात जी चूक आहे तीच अवयवीला आधीचा मानण्यात होते: दोन्हीकडे एकपण कुठेतरी आयते ठेवलेले असते. वर्णपट ते कुठेच आयते ठेवू देत नाही.

यातून एक कसोटी निघते, आणि सिद्धांत म्हणून माझ्या म्हणण्याला काही वजन असेल तर ते या कसोटीवर ठरावे. एकपण समुदायाकडून मिळत असेल, तर समुदायाची घडण बदलल्यावर ते मिळेनासे व्हायला हवे, अगदी फर्मी पातळीपाशीसुद्धा. तीन मितींच्या धातूत भरलेल्या अवस्था धक्के थोपवतात. इलेक्ट्रॉनांना एकाच रेषेत कोंडले तर शेजाऱ्याला ओलांडून जाण्याची वाटच राहत नाही आणि लँडाऊ यांचा युक्तिवाद कोसळतो. तिथे इलेक्ट्रॉनसारखे काही एक टिकत नाही. त्याचा भार आणि त्याची फिरकी वेगवेगळ्या वेगाने निघून जातात, असे गणित कितीतरी आधीपासून सांगत होते. २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या पॉल शेरर संस्थेतल्या सिंक्रोट्रॉनवर स्ट्रॉन्शियम, तांबे आणि ऑक्सिजनच्या एका संयुगावर, ज्यात तांब्याच्या अणूंच्या साखळ्या असतात, केलेल्या मृदू क्ष-किरणांच्याच प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तांब्याच्या एल कड्याशी जुळणारे, सुमारे ९३० इलेक्ट्रॉन-व्होल्टचे किरण आत सोडले आणि बाहेर पडणाऱ्या किरणांची ऊर्जा व दिशा मोजली. फिरकीची हालचाल आणि कक्षेची हालचाल साखळीवर वेगवेगळ्या ऊर्जेने, आपापल्या वाटेने पसरताना आढळली. गुण द्रव्याला सोडून राहू शकत नाही, हा वैशेषिकांचा सिद्धांत. भार, फिरकी आणि कक्षा हे ज्या इलेक्ट्रॉनचे गुण म्हणून आपण शिकलो, तो इलेक्ट्रॉन तिथे उरत नाही आणि ते तिघे उरतात. नैयायिकाला यातून सुटायचे तर त्या तिघांना द्रव्यांचा दर्जा द्यावा लागेल, आणि तो दर्जा त्या साखळीबाहेर काढल्यावर टिकणार नाही हेही मान्य करावे लागेल. बौद्धाला पुंज कशाचा, हे सांगावे लागेल.